गोष्ट डब्यावरची, साखर डब्यातली

शर्यतीत मागे पडलेला मुलगा, काळजीत पडलेली आई, मग दुधाचा पेला आणि शेवटी हातात चषक. मुलांच्या 'शक्तिवर्धक' पावडरींच्या जाहिराती साधारण अशाच असतात. डब्यात काय आहे हे त्यात ओझरते येते. ठसते ती आईची गोष्ट. तिचा छुपा अर्थ असा, की हा डबा न घेणारी आई मुलासाठी काहीतरी कमी करते.

अशा गोष्टी मनाची पकड का घेतात? डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टीन आणि पॉल स्लोविक यांनी २००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. आफ्रिकेतील उपासमारीची केवळ आकडेवारी वाचलेल्यांनी पाच डॉलरपैकी सरासरी १.१४ डॉलर दान दिले. मालीतील एकाच मुलीची कहाणी वाचलेल्यांनी २.३८ डॉलर दिले. कहाणीला आकडेवारी जोडली, तेव्हा दान पुन्हा १.४३ डॉलरवर घसरले. चेहरा दिसला की मन हलते आणि आकडे आले की ते थंडावते. जाहिरात करणाऱ्यांना हे पक्के ठाऊक असते.

याची किंमत मोजतात ती मोजक्या मिळकतीची घरे. डब्यासाठी पैसे बाजूला काढले, की अंडी, डाळ, शेंगदाणे यांना कात्री लागते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशात पाच वर्षांखालील सुमारे ६७ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. त्यावर उपाय सकस जेवण, लोहाचे औषध आणि जंतनाशक गोळी. साखर घातलेली पावडर हा नव्हे.

कायद्याने एक कुंपण घातले आहे. १९९२ च्या कायद्याने आणि २००३ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या दुधाच्या पावडरी, बाळान्न आणि दुधाच्या बाटल्या यांच्या जाहिरातीवर बंदी आहे. पण मूल दोन वर्षांचे झाले, की हे कुंपण संपते. अन्नसुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' असा प्रकारच नाही. म्हणून एप्रिल २०२४ मध्ये केंद्राने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेये त्या गटातून काढायला सांगितले. गटाचे नाव गेले, जाहिरातीतली आई मात्र तिथेच राहिली. मुलांसाठीच्या जास्त साखरेच्या पदार्थांनाही हे कुंपण लागू करायला हवे.

भावनेला हात घालणे मुळात वाईट नाही. गुटख्याने तोंडाचा कर्करोग झालेल्या महाराष्ट्रातल्या एका तरुणाची चित्रपटगृहात दाखवलेली कैफियत लोक विसरलेले नाहीत. 'दो बूंद'ची हाकही घराघरांत पोहोचली आणि २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला. फरक इतकाच, की गुटख्याने कर्करोग होतो आणि लशीने पोलिओ टळतो, हे गोष्टीशिवायही खरे आहे. आरोग्य खात्यानेही पत्रके वाटून न थांबता अशा खऱ्या गोष्टी सांगायला हव्यात.

तोवर पालकांनी डबा उलटा करून मागची बाजू वाचावी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. साखर पहिल्या दोन-तीन नावांत असेल, तर डबा परत फळीवर ठेवावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाच्या उष्मांकांपैकी दहा टक्क्यांहून कमी उष्मांक वरच्या साखरेतून यावेत, पाच टक्क्यांच्या आत आले तर उत्तम. साध्या दुधाबरोबर मूठभर शेंगदाणे किंवा एक उकडलेले अंडे देणारी आई कुठेच कमी पडत नसते.