तांबी बसवायची आहे, पण वेदनाशामक गोळी चालत नाही? मग काय?

ठाणे असो वा कल्याण-डोंबिवली, सरकारी कुटुंब नियोजन कार्यक्रमात तांबी मोफत बसवली जाते. प्रकारानुसार ती ५ किंवा १० वर्षं चालते. दुखू नये म्हणून अनेकदा आयबुप्रोफेन सुचवतात. पण अल्सर, किडनीचा आजार किंवा अशा गोळ्यांनी बळावणारा दमा असेल, तर ती चालत नाही.

मग नुसतं सोसायचं? नाही. मुळात आयबुप्रोफेनने तांबी बसवतानाची कळ फारशी कमी होत नाही. लिग्नोकेन उपयोगी ठरू शकतं, असं अमेरिकेच्या 'सीडीसी'ने २०२४ मध्ये सांगितलं. दात काढताना बधिर करायला वापरतात तेच हे औषध. गर्भाशयमुखाजवळ इंजेक्शन देतात किंवा जेल, स्प्रे लावतात. नंतर पोटात दुखलं तर पॅरासिटामॉल आणि गरम पाण्याची पिशवी.

म्हणून तारीख घेतानाच कोणती गोळी चालत नाही, कशाची ॲलर्जी आहे ते डॉक्टरांना सांगा. आणि विचारा, 'बधिर करून बसवाल का?'