गटातून गेलेल्यांची परतीची वाट



काकू गेल्याची बातमी आम्हांला तिसऱ्या दिवशी कळली. आपल्या भागात कोणाच्या घरी दुःखद घटना घडली, तर तासाभरात सर्वांना निरोप जातो. कोणी डबा पोहोचवतो, कोणी भन्तेजींना विमानतळावरून आणतो, कोणी मुलांना आपल्या घरी नेतो. काकांच्या घरी त्या तीन दिवसांत यातले काहीच घडले नाही. निरोप गटावरून जातो आणि काका गटात नव्हते. ते गटात नव्हते, कारण आम्हीच त्यांना काढले होते. आम्ही म्हणजे गटाची व्यवस्था पाहणारे तिघे जण. हे सदरही आम्ही तिघांच्या वतीनेच लिहितो.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात त्रिशरण-पंचशील झाल्यावर आम्ही मागच्या रांगेत खाली मान घालून बसलो होतो. काका स्वतः उठून आले आणि म्हणाले, "जेवल्याशिवाय जाऊ नका." त्या एका वाक्याने जे वाटले, त्यातून हा लेख लिहिला जात आहे.

झाले होते ते असे. 2023 साली कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळात एस. बी. 403 हे विधेयक आले. राज्याच्या भेदभावविरोधी कायद्यांत जातीचा स्पष्ट उल्लेख करावा, हा त्याचा हेतू होता. त्याच वर्षी 21 फेब्रुवारीला सिॲटल नगर परिषदेने जातिभेदाला बंदी घालणारा ठराव संमत केला होता आणि तसे करणारे ते अमेरिकेतील पहिले शहर ठरले होते. त्याआधी 2020 च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियाच्या शासकीय विभागाने सिलिकॉन व्हॅलीतील एका कंपनीविरुद्ध जातिभेदाचा दावा दाखल केला, तेव्हापासून आपल्यापैकी अनेकांना प्रथमच वाटू लागले होते की कार्यालयात सोसलेले टोमणे हा आपला खाजगी प्रश्न नाही. आम्ही आनंदात होतो. गटावर रात्री एक वाजेपर्यंत संदेश येत असत.

काकांनी त्या आनंदात विरोधी सूर लावला. ते इथे 1981 साली आले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते : कायदा झाला की प्रत्येक कार्यालयात प्रशिक्षण होईल, प्रशिक्षणात जातीची उतरंड फळ्यावर काढली जाईल, आणि ज्या गोऱ्या सहकाऱ्याला आजवर काही ठाऊक नव्हते, तोही उद्या आपल्या मुलांकडे त्या फळ्यातून पाहील. ज्या गोष्टीपासून मुलांना दूर ठेवण्यासाठी आपण समुद्र ओलांडला, ती आपणच दारात आणून ठेवतो आहोत. आम्ही उत्तर दिले की ती दारात आधीच आलेली आहे. आपण फक्त तिचे नाव घेत आहोत. इथवर ही चर्चा होती. पुढे ती चर्चा राहिली नाही.

कोणीतरी लिहिले, "हे लपून जगलेले लोक आहेत." दुसऱ्याने गद्दार हा शब्द वापरला. काकांनी चिडून लिहिले की जन्मल्यापासून सवलतीत वाढलेल्या पोरांनी आम्हांला शिकवू नये. मग एकाने काकांच्या मजकुराचे छायाचित्र इतर चार गटांत पाठवले आणि त्याखाली लिहिले की या गृहस्थांनी इथे आल्यावर आडनाव बदलले. मूळ आडनाव अमुक. ते आडनाव दोन दिवसांत अनोळखी माणसांपर्यंत पोहोचले. काकांनी आम्हांला फोन केला. आम्ही तो घेतला नाही, कारण कामात होतो, आणि खरे सांगायचे तर घ्यायचाही नव्हता. त्या रात्री "गटाचे वातावरण बिघडू नये म्हणून" आम्ही त्यांना गटातून काढले. छायाचित्र पाठवणारा गटातच राहिला. तो आमच्या बाजूचा होता.

विधेयक दोन्ही सभागृहांत संमत झाले आणि 7 ऑक्टोबर 2023 रोजी राज्यपालांनी ते नाकारले. असा भेदभाव सध्याच्या कायद्यांतच निषिद्ध आहे, सबब नवा कायदा अनावश्यक, असे कारण त्यांनी दिले. त्यानंतर गटात जे बदलले ते आम्ही कोणी बोलून दाखवले नाही, म्हणून इथे लिहितो.

ज्यांचे आवाज सर्वांत मोठे होते, त्यांतले काही हळूहळू गप्प झाले. नोकरकपातीची लाट आली. एच-वन-बी व्हिसावरील माणसाची नोकरी गेली की नवी नोकरी किंवा दुसरा मार्ग शोधण्यासाठी त्याला साधारणपणे 60 दिवस मिळतात. त्या 60 दिवसांची भीती ज्याने अनुभवली आहे, तो कशावर सही करायची हे दोनदा विचारतो. जयंतीच्या छायाचित्रांतून आपले नाव काढावे, अशा विनंत्या आमच्याकडे येऊ लागल्या. आम्ही त्या मान्य केल्या. आमच्या तिघांपैकी एकाने आपल्या व्यावसायिक परिचयपानावरून आंबेडकरी संस्थेचा उल्लेख मुलाखतींच्या काळात काढून टाकला. म्हणजे काकांना आम्ही जे म्हटले होते, ते आम्हीही करत होतो. आमच्याकडे कारणे होती. काकांकडेही असतील, हे आम्हांला तेव्हा सुचले नव्हते.

उलट बाजूनेही माणसे सरकली. ज्या एका ताईंनी विधेयकाच्या वेळी "माझ्या मुलांना यात ओढू नका" असे बजावले होते, त्यांच्या मुलीने पुढे शाळेतल्या प्रकल्पासाठी चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचा विषय निवडला. त्या आता दर रविवारी मुलांचा वर्ग घेतात. पण त्यांनी गटावर एकदाही लिहिले नाही की माझे मत बदलले. आम्ही विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "लिहिले असते, तर कोणीतरी माझा जुना संदेश शोधून काढला असता."

आमच्या मते दुखणे इथे आहे. मतभेद हे दुखणे नाही. मत बदललेल्या माणसाला सन्मानाने उभे राहायला आपल्या गटांत जागा नाही, हे दुखणे आहे.

नावाचाच वाद घ्या. आपण स्वतःला दलित म्हणावे, बौद्ध म्हणावे की आंबेडकरी, यावरून आपले निदान तीन गट फुटलेले आम्ही पाहिले आहेत. 2018 साली केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने प्रसारमाध्यमांना दलित हा शब्द टाळण्याची सूचना केली, तेव्हा काहींना तो विजय वाटला आणि काहींना तो लढाऊ वारशावरचा घाला वाटला. परंतु बाबासाहेबांच्या नियतकालिकांची नावे ओळीने वाचून पाहावीत : 1920 साली मूकनायक, 1927 साली बहिष्कृत भारत, 1928 साली समता, 1930 साली जनता आणि 1956 साली प्रबुद्ध भारत. छत्तीस वर्षांत हा समाज स्वतःकडे मूक म्हणून पाहण्यापासून प्रबुद्ध म्हणून पाहण्यापर्यंत आला. यातले कोणतेही नाव खोटे नव्हते. जो 1920 मध्ये मूकनायक वाचत होता, त्याला 1956 मध्ये कोणी जुना अंक दाखवून जाब विचारला नाही.

स्वतः बाबासाहेबांनी 1930 च्या मार्चमध्ये नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू केला, आणि 1935 च्या ऑक्टोबरमध्ये येवल्याला, हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा करताना तोच सत्याग्रह थांबवण्याचा सल्ला दिला. त्यांनी 1936 साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला, 1942 साली शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन उभारले, आणि अखेरच्या काळात तेही विसर्जित करून व्यापक रिपब्लिकन पक्षाची कल्पना मांडली. येवला ते नागपूरची दीक्षाभूमी हे अंतर एकवीस वर्षांचे आहे. एवढा काळ त्यांनी वाचले, तपासले, इतरांशी वाद घातला. आपण मात्र आपल्या माणसाला एकवीस तासही देत नाही.

फूट आपल्याला नवी नाही. 1972 साली मुंबईत स्थापन झालेली दलित पँथर दोन वर्षांतच फुटली. नामदेव ढसाळांचा वर्गलढ्याकडील कल आणि राजा ढाले यांची बौद्ध-आंबेडकरवादी भूमिका यांचा मेळ बसला नाही. तो वाद कडवट होता आणि त्याची किंमत चळवळीने मोजली. तरी तो वाद नावानिशी झाला, जाहीरपणे झाला, आणि दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते त्याच वस्त्यांत राहत होते. सकाळी नळावर एकमेकांची तोंडे दिसत. आपल्या गटांत तोंड दिसत नाही. शब्द राहतो, पण तो ज्या आवाजात बोलला गेला तो आवाज राहत नाही. बोललेले विसरले जाते. लिहिलेले मात्र तारखेसह परत समोर येते. आणि काढून टाकणे इतके सोपे आहे की त्यासाठी खुर्चीतून उठावेही लागत नाही.

आपल्या वारशात याचे उत्तर आहे. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी आठवण करून दिली होती की संसदीय कार्यपद्धती भारताला नवी नाही. भिक्खू संघाला आसनव्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणसंख्या, मतमोजणी, गुप्त मतदान यांचे नियम ठाऊक होते. त्या विनयातला वाद मिटवण्याचा पहिला मार्ग म्हणजे सम्मुखाविनय : ज्यांच्यात वाद आहे ते समोरासमोर असले पाहिजेत. गैरहजर माणसाचा निवाडा करायचा नाही. आम्ही काकांचा फोन घेतला नाही, तेव्हा नेमका हाच नियम मोडला.

महावग्गात कोसंबीच्या भिक्खूंची हकीकत आहे. एका भिक्खूवर दोष ठेवला गेला, त्याला तो मान्य नव्हता, संघाने त्याला निलंबित केले आणि संघ दुभंगला. मूळ कारण अट्ठकथेत सांगितले आहे : शौचाच्या भांड्यात पाणी उरले होते, एवढेच. तथागतांनी समजावले, भिक्खूंनी ऐकले नाही. तेव्हा ते कोसंबी सोडून वनात निघून गेले. पुढे उपासकांनी त्या भिक्खूंना वंदन करणे आणि भिक्षा देणे थांबवले, तेव्हा ते भानावर आले. ही हकीकत आपण मुलांना सांगतो ती इथवरच. त्यापुढचा भाग आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो : निलंबित भिक्खूने स्वतःच विचार करून आपली चूक मान्य केली, आणि संघाने ठराव करून त्याला रीतसर परत घेतले, ऐक्याचा उपोसथ झाला. काढण्याची रीत होती, तशी परत घेण्याचीही रीत होती. आपल्याकडे पहिली आहे, दुसरी नाही.

सहमती असावी असे आमचे म्हणणे नाही. आम्हांला आजही वाटते की तो कायदा हवा होता. काही गोष्टींना सीमाही हवी : स्त्रियांविषयी हीन भाषा, आपल्यातल्याच पोटजातींची अवहेलना आणि दुसऱ्याची ओळख त्याच्या संमतीविना उघड करणे यांना मतभेद म्हणता येणार नाही. आपण कोण हे कधी, कोणाला, किती सांगायचे, हा ज्याचा त्याचा अधिकार आहे. काकांचे आडनाव ज्या दिवशी बाहेर गेले, त्या दिवशी गटात खरा अपराध घडला होता, आणि शिक्षा भलत्याला झाली.

म्हणून मागील आठवड्याच्या बैठकीत आम्ही चार गोष्टी मांडल्या आणि त्या हात वर करून संमत झाल्या. एक, संबंधित व्यक्तीशी प्रत्यक्ष किंवा निदान चेहरा दिसेल अशा संभाषणाशिवाय कोणाला गटातून काढायचे नाही. दोन, काढण्याचा निर्णय व्यवस्थापकांखेरीज आणखी दोघांच्या संमतीने आणि लेखी कारणासह होईल. तीन, दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनापूर्वी गेलेल्या प्रत्येकाला परत येण्याचे निमंत्रण जाईल, आणि त्यासोबत जुन्या मजकुराचा खुलासा मागितला जाणार नाही. चार, आजारपण, मृत्यू आणि जन्म यांच्या निरोपांची यादी वेगळी राहील. तीत गटात असलेले, नसलेले, भांडून गेलेले, सर्व असतील. या यादीतून कोणालाही कोणत्याही कारणास्तव वगळता येणार नाही.

काकांकडे आम्ही माफी मागितली. त्यांनी बराच वेळ उत्तर दिले नाही. मग सांगितले की 1981 साली एका खोलीत तिघे मराठी मुलगे राहत होते. काकांचे आडनाव कळल्यावर त्यांची ताटली वेगळी ठेवली जाऊ लागली. चार महिन्यांनी त्यांनी खोली आणि आडनाव, दोन्ही बदलले. "हे तुम्हांला सांगितले असते," ते म्हणाले, "पण तुम्ही विचारले नाही, आणि मी लिहिणारा माणूस नाही." पुन्हा असे विधेयक आले तर आपण साक्ष द्यायला जाऊ, असेही ते म्हणाले. मत का बदलले, हे आम्ही विचारले नाही.

गटात मात्र ते परत आलेले नाहीत. निरोपांच्या यादीत त्यांनी आपले नाव घालू दिले आहे. पूर्ण नाव, मूळ आडनावासह, त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून दिले.

जय भीम.