कुलूप शाबूत, कोयंडा उखडला! बंद घरांच्या दाराकडे लक्ष कधी जाणार?

बीड : घरफोडीची बातमी आली की त्यात एक ओळ ठरलेली असते, ‘अज्ञात चोरट्यांनी घराचा कडीकोयंडा तोडून आत प्रवेश केला.’ ही ओळ इतक्या वेळा वाचून झाली आहे की तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. खरं तर घरफोडी का होते याचं निम्मं उत्तर तिच्यातच आहे. चोरटे सहसा कुलूप फोडत बसत नाहीत, ते कोयंडा उखडतात. आणि घरमालक खर्च करतो तो कुलपावर.

जिल्ह्याच्या ग्रामीण भागात हा प्रश्न आणखी टोकदार आहे. दसरा-दिवाळी उलटली की आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज या तालुक्यांतली हजारो कुटुंबं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. त्यानंतर पाच-सहा महिने वस्त्याच्या वस्त्या कुलूपबंद राहतात. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. गाव कधी रिकामं होतं आणि कधी भरतं, हे चोरट्यालाही माहीत असतं. अंगणात सडा नाही, दारात चप्पल नाही, कुलपावर धूळ बसलेली. घरात कोणी नाही हे सांगायला आणखी काय लागतं?

एक तोळा गेला म्हणजे काय गेलं?

सोन्याचा भाव २०२० मध्ये तोळ्याला पन्नास हजारांच्या आसपास होता. २०२५ मध्ये तो एक लाखाच्या पुढे गेला. म्हणजे पूर्वी दोन तोळे गेल्यावर जेवढं नुकसान व्हायचं, तेवढं आता एक तोळा गेल्यावर होतं. चोरट्याच्या दृष्टीनं बघितलं तर गरिबाचं घरही फोडण्यालायक झालं आहे. मंगळसूत्र, कानातले, पोरीच्या लग्नासाठी दोन-तीन हंगामांत जमवलेला एखादा दागिना, एवढंच त्या घरात असतं. ते गेलं की पुढच्या हंगामाची उचल वाढवून घ्यावी लागते आणि कोयता आणखी एक वर्ष मुकादमाच्या हिशेबात अडकतो.

सोनं सोबत न्यावं तर फडावरच्या कोपीला दारच नसतं. घरी ठेवावं तर घर बंद. बँकेत लॉकर घ्यावा तर तालुक्याच्या शाखेत तो मिळेलच असं नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ जानेवारी २०२२ पासून चोरी, दरोडा, आग किंवा कर्मचाऱ्याच्या गैरव्यवहारामुळे लॉकरमधली वस्तू गेली तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत धरली आहे. तरीही लॉकर ही गोष्ट वाडी-तांड्यापर्यंत पोहोचलेली नाही. डाळीचा डबा, धान्याची कोठी आणि लोखंडी कपाट हाच इथला लॉकर. त्याची राखण करतं ते एकच दार.

जुनं दार आणि नवं दार

गावातल्या जुन्या वाड्यांची दारं बघितली तर फरक कळतो. जाड सागवानी फळ्या, भिंतीत खोल बसवलेली चौकट आणि आतून भिंतीत सरकणारा अडसर. बाहेरून चार माणसांनी धक्के मारले तरी दार हलायचं नाही. पण अडसर आतून लागतो. म्हणजे ते दार घरात माणूस आहे हे धरूनच बनवलेलं होतं. एकत्र कुटुंबात घर कधी पूर्ण रिकामं पडायचंच नाही, मग बाहेरून भक्कम कुलपाची गरज कुणाला होती?

आता गोष्ट उलटी झाली आहे. घर रिकामं आणि सगळा भार बाहेरच्या कोयंड्यावर. त्यात घरकुलांची अडचण वेगळीच. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण सपाट भागासाठी केंद्राच्या निकषाप्रमाणे १ लाख २० हजार रुपये हप्त्याहप्त्यानं मिळतात. पाया, भिंती, स्लॅब यांतच पैसा संपतो. दार बसतं सगळ्यात शेवटी, हात आखडलेला असताना. मग हलकं तयार दार किंवा पातळ पत्र्याचं दार येतं आणि त्याला बाजारातला सगळ्यात स्वस्त कोयंडा लागतो.

दार नेमकं कुठे हरतं?

पहिली जागा कोयंडा. तो पाऊण इंची दोन-चार स्क्रूंवर टांगलेला असतो. कटावणी किंवा टॉमी घालून एक हिसका दिला की स्क्रू लाकडासकट बाहेर येतात. कुलूप पाचशेचं असो की दोन हजारांचं, ते तसंच शाबूत लोंबत राहतं. यावर उपाय साधा आहे. कोयंडा आरपार बोल्टनं बसवायचा आणि आतल्या बाजूनं पट्टी, वॉशर, नट लावायचा. बोल्टचं डोकं बाहेरून गोल असलं की पान्याला पकड मिळत नाही. पत्र्याच्या दाराला कोयंडा पत्र्यावर नको, अँगलच्या सांगाड्यावर वेल्डिंग करून घ्यावा.

दुसरी जागा चौकट. दार कितीही जाड असलं तरी चौकट भिंतीत नीट धरलेली नसेल तर जोराच्या धक्क्यानं तीच सरकते. चौकटीच्या दोन्ही बाजूंना होल्डफास्ट लावून ते काँक्रीटमध्ये पक्के करणं बांधकामाच्या वेळीच होतं. तेव्हा गवंड्याकडे आग्रह धरला तर खर्च किरकोळ येतो, नंतर भिंत फोडावी लागते. आधीच झालेल्या घरात कडी ज्या भोकात जाते तिथं लोखंडी पट्टी लावून तीन इंची स्क्रू चौकटीतून भिंतीपर्यंत नेले तरी बराच फरक पडतो.

तिसरी जागा बिजागरी. दार बाहेर उघडणारं असेल तर बिजागरीची पिन बाहेर राहते. ती ठोकून काढली की कुलपाला हातही न लावता दार निघतं. अशी पिन दोन्ही टोकांना वेल्डिंग करून घ्यावी.

चौथी गोष्ट कुलपाचीच. बाहेर लटकणारं कुलूप दुरूनही सांगतं की आत कोणी नाही. चावीनं बाहेरून लागणारं आतलं कुलूप बसवलं तर घर बंद आहे की माणसं झोपली आहेत हे कळत नाही. पण तेही पक्क्या चौकटीशिवाय कामाचं नाही. आणि चावी तुळशीच्या कुंडीत किंवा चौकटीवर ठेवली, तर सगळाच खर्च वाया.

एक धोका मात्र लक्षात ठेवायला हवा. दार बाहेरच्यासाठी अवघड करताना आतल्यांसाठी सोपं राहिलं पाहिजे. आग लागली, गॅस गळला तर म्हाताऱ्या माणसाला अंधारात ते चावीशिवाय उघडता आलं पाहिजे.

दार फक्त वेळ देतं

कितीही भक्कम केलं तरी तुटणारच नाही असं दार नसतं. दोन मिनिटांचं काम वीस मिनिटांचं करणं आणि त्यात आवाज व्हायला लावणं, एवढंच दाराच्या हातात असतं. तो आवाज ऐकणारं कोणी नसेल तर वीस मिनिटांचाही उपयोग नाही. चोरट्यांना हे ठाऊक आहे, म्हणूनच अनेक घटनांत ते आधी शेजारच्या घरांच्या बाहेरच्या कड्या लावून घेतात. आवाज ऐकू येतो, पण माणूस बाहेर येऊ शकत नाही. ज्या दारांना बाहेरच्या कडीची गरज नाही, त्यांची ती काढून टाकलेली बरी. उन्हाळ्यात सगळं घर गच्चीवर झोपतं, तेव्हा खालच्या दाराला आतून कडी लावून जिन्याचं दारही बंद करण्याची सवय हवी.

मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे. ज्या गावांत ग्रामसुरक्षा यंत्रणा सुरू आहे, तिथं १८००२७०३६०० वर फोन केला की एकाच वेळी गावातल्या नोंदणीकृत मोबाइलवर आवाज पोहोचतो. अडचण अशी की हंगामात तरणी माणसं फडावर असतात. फोन वाजतो तो साताऱ्यात किंवा कोल्हापुरात आणि गावात धावायला कोण? रात्रगस्तीचंही तेच. म्हणून हंगामापुरती गस्त शेजारच्या दोन-तीन गावांनी मिळून घालावी, बंद घरांची यादी पोलीस पाटलाकडे असावी आणि ती ठाण्याच्या गस्तीला द्यावी. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ नुसार नेमलेल्या पोलीस पाटलाचं कामच गाव आणि पोलीस ठाणं यांच्यातला दुवा राहण्याचं आहे. थकबाकीपोटी बंद पडलेले पथदिवे निदान या सहा महिन्यांत तरी सुरू राहावेत, याची जबाबदारी ग्रामपंचायतीची.

कायदा कमी पडतो असंही नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत राहत्या घरातल्या चोरीला कलम ३०५ खाली सात वर्षांपर्यंत, तर रात्री चोरीसाठी केलेल्या घरफोडीला कलम ३३१ खाली चौदा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण शिक्षा होते ती चोर सापडल्यावर. मुद्देमाल सापडला तरी तो आपलाच हे दाखवावं लागतं. त्यासाठी दागिन्यांच्या पावत्या आणि मोबाइलवर काढलेले फोटो घराबाहेर कुणा नातेवाइकाकडे ठेवावेत. घर फुटलेलं दिसलं तर आत शिरून कपाट, डबे हाताळू नयेत, बोटांचे ठसे त्यावरच असतात.

फडाकडे निघताना बैलांच्या पत्र्या बघितल्या जातात, गाडीची धाव बघितली जाते, कोयत्याला धार लावली जाते. त्याच यादीत दाराचा कोयंडा आला पाहिजे. सुताराचा अर्धा दिवस, चार बोल्ट आणि एक लोखंडी पट्टी, खर्च एवढाच. मार्च-एप्रिलमध्ये परत आलेल्या बाईच्या हातात आपल्याच घराची चावी असते, तेव्हा ती लावायला कुलूप जागेवर असावं, एवढीच तर अपेक्षा आहे.