यंत्राचा निवाडा आणि माणसाची जबाबदारी

यंत्राला जात नसते, यंत्राला लिंग नसते. सबब यंत्राने केलेली निवड निःपक्षपातीच असली पाहिजे, असा युक्तिवाद हल्ली मोठ्या कंपन्यांच्या वतीने करण्यात येतो. वरवर पाहता तो बिनतोड वाटतो. नुसत्या आडनावावरून ज्यांना आजवर दारे बंद झाली, त्यांना तर तो हर्षदायकही वाटेल. म्हणूनच त्याची उलटतपासणी करणे अगत्याचे आहे.

अमेरिकेतील ॲमेझॉन कंपनीचे उदाहरण घ्या. नोकरीसाठी येणाऱ्या अर्जांची प्रतवारी संगणकाकडून करून घेण्याचे काम तिच्या तज्ज्ञांनी २०१४ साली हाती घेतले. संगणकाला शिकविण्याकरिता मागील दहा वर्षांतील अर्ज त्यास पुरविण्यात आले. ते बहुतांशी पुरुषांचे होते. संगणकाने धडा घेतला की, पुरुष तोच लायक! अर्जात स्त्रियांच्या एखाद्या मंडळाचा उल्लेख आला की त्याची किंमत कमी होई. केवळ स्त्रियांसाठी असलेल्या दोन महाविद्यालयांच्या पदवीधरांनाही त्याने खाली ढकलले. दुरुस्ती झाली, पण भेदभावाची दुसरी वाट ते यंत्र शोधणार नाही, याची हमी कोणी देईना. अखेर प्रकल्प गुंडाळावा लागला. ही हकीगत ऑक्टोबर २०१८ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने उघड केली. आमच्या अधिकाऱ्यांनी त्या यंत्रावरून उमेदवारांची पारख कधीच केली नाही, असे कंपनीचे म्हणणे. ते खरे धरले तरी मुद्दा शिल्लक राहतोच.

मुद्दा असा की, ज्याला डेटा म्हणतात तो आकाशातून पडत नाही. ती कालच्या व्यवहाराची चोपडी होय. काल ज्याने अन्याय केला त्याच्याच हातची ती चोपडी असेल, तर तिच्यावरून काढलेला हिशेब न्याय्य कसा ठरावा? सावकाराच्या वहीवरून कुळाचे देणे ठरविण्यासारखाच हा प्रकार आहे. स्त्री म्हणजे काय हे यंत्रास ठाऊक नव्हते, तरी त्याने तिला हुडकून मागे सारले. मग अर्जातून जातीचा रकाना काढून टाकला, तरी आडनाव, गाव, वस्ती आणि शाळा यांवरून तेच कार्य होणार नाही, असे कोणी छातीठोकपणे सांगावे?

यावर कायदा काय म्हणतो? संविधानाच्या सोळाव्या कलमातील समान संधीची हमी सरकारी नोकरीपुरती आहे. संसदेने २०२३ मध्ये संमत केलेला व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा सांगतो की, ज्या माहितीवरून निर्णय घ्यावयाचा ती पूर्ण व अचूक असावी. परंतु ॲमेझॉनकडील अर्ज खोटे कोठे होते? अचूक माहितीतूनही अन्याय निपजतो, हेच तर त्या प्रकरणाने दाखविले. युरोपीय संघाच्या, २०१८ पासून लागू असलेल्या कायद्याने केवळ यंत्राने केलेल्या गंभीर परिणामांच्या निर्णयास हरकत घेण्याचा आणि त्यात माणसाने लक्ष घालावे अशी मागणी करण्याचा हक्क दिला आहे. आपल्या कायद्यात असा स्पष्ट हक्क नाही. तो असला पाहिजे.

बड्या कंपन्यांत आज डेटाचा कारभार पाहणारे स्वतंत्र, भरपगारी अधिकारी असतात. साठा वाढविला आणि नफा दाखविला की आपले काम संपले, असे त्यांना मानता येणार नाही. ह्या चोपडीत कोणाची नोंद नाही आणि ती का नाही, हा प्रश्न त्यांनी प्रथम विचारला पाहिजे. उत्तर समाधानकारक नसेल तर यंत्र थांबविण्याचे धैर्य दाखविले पाहिजे. यंत्राला साक्षीच्या पिंजऱ्यात उभे करता येत नाही. ते चालविणाऱ्याला येते.

आपल्या मुलामुलींचे अर्ज उद्या अशाच यंत्रांपुढे जाणार आहेत. कारण न देता नकार आला तर नशिबाला बोल लावून स्वस्थ बसू नका. निर्णय कोणी केला आणि कोणत्या नोंदीवरून केला, हे लेखी विचारा. उत्तर देणारा माणूस मिळेपर्यंत विचारीत राहा.