विरोळ्याचा दंश आणि मांत्रिकाची कीर्ती

पावसाळा सुरू झाला, भाताची खाचरे भरली, की गावोगाव एक प्रसंग ठरल्यासारखा घडतो. ओढ्याकाठी साप दिसतो, ‘नाग, नाग’ असा गलका होतो आणि काठ्या धावतात. ठेचला गेलेला जीव पुष्कळदा नाग नसतोच. तो असतो विरोळा, म्हणजेच दिवड.

पिवळसर वा हिरवट अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखी काळी नक्षी आणि डोळ्यापासून मागे उतरणाऱ्या दोन काळ्या तिरक्या रेघा, ही त्याची खूण. मासे व बेडूक हे त्याचे अन्न. १७९९ साली श्नायडर या जर्मन शास्त्रज्ञाने त्याच्या नावात ‘पिस्केटर’, म्हणजे मासेमार, हा शब्द योजला तो उगाच नव्हे. कोंडीत सापडला की हा साप पुढचा भाग उचलतो, मान चपटी करतो आणि त्वेषाने चावतो. जखमेतून रक्त येते. परंतु माणसाला घातक असे विष त्याच्यापाशी नसते. नागाचा आव आणून शत्रूला पळवावे, हा त्याचा बचाव. माणसापुढे मात्र तोच त्याच्या जिवावर बेततो.

प्रश्न केवळ एका निरुपद्रवी प्राण्याच्या हत्येचा असता, तर भूतदयेचा उपदेश करून थांबता आले असते. वस्तुतः या गैरसमजाची किंमत माणसेही मोजतात. विरोळा चावलेला मनुष्य ‘नाग डसला’ म्हणून मांत्रिकाकडे नेला जातो. मंत्र होतो, अंगारा लागतो, आणि सकाळी तो मनुष्य घरी चालत येतो. तो बरा होणारच होता. पण कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते आणि मांत्रिकाची कीर्ती पंचक्रोशीत पसरते. पुढे कुणाला खरोखरच मण्यार किंवा घोणस चावते, तेव्हा त्या कीर्तीवर विसंबून मोलाचे तास तेथेच दवडले जातात. बिनविषारी सापाने मिळवून दिलेल्या यशाची भरपाई विषारी सापाच्या दंशाने होते.

२००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. सर्पदंशावर वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरला आहे. परंतु कायदा मांत्रिकाला आवरील. त्याच्यावरील श्रद्धेचे मूळ उपटणे हे शिक्षणाचे काम आहे.

येथे एक इशारा दिलाच पाहिजे. पाण्यातला प्रत्येक साप बिनविषारी, अशी उलटी समजूतही तितकीच घातक आहे. नागालाही पोहता येते, आणि कोकणच्या समुद्रातील सर्प तर अत्यंत विषारी असतात. म्हणून दंश झाल्यावर साप ओळखत वा पकडत बसू नये. जखम कापू नये, आवळून बांधू नये. रुग्णाला धीर द्यावा, दंश झालेला अवयव हलू न देता त्याला थेट रुग्णालयात न्यावे. साप बिनविषारी होता, हा निर्णय डॉक्टरांनी द्यावा, मांत्रिकाने नव्हे.

शाळेच्या भिंतीवर नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या चित्रांशेजारी विरोळ्याचेही चित्र असावे. साप साप म्हणून भुई धोपटण्याची आपली जुनी सवय त्यानेच सुटेल. विरोळा वाचेल, आणि कदाचित माणूसही.