गठ्ठा कोणाचा, वाचन कोणाचे?

सत्र संपले की 'कॅप'मध्ये दिवसभर उत्तरपत्रिका तपासून मराठीचा अध्यापक घरी परततो. त्या रात्री त्याने एखादा कवितासंग्रह हाती घेतला तर काय होते, हे आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना अनुभवाने ठाऊक असेल. पान उघडे राहते, पण नजर ओळींवरून घसरत जाते आणि नकळत मुद्दे शोधू लागते. अध्यापकाच्या कामाचा भार हा प्रश्न म्हणूनच आम्हांला केवळ सेवाशर्तींचा वाटत नाही. साहित्य कसे वाचले जाते आणि कसे शिकवले जाते, याच्याशी त्याचा थेट संबंध आहे.

नोव्हेंबर २०२२मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले. तेव्हापासून हा भार कृत्रिम बुद्धिमत्ता हलका करील अशी आशा अध्यापकवर्गात बळावली आहे. या आशेची थट्टा करणाऱ्यांत आम्ही नाही. इंग्लंडमधील ६८ शाळांतल्या २५९ विज्ञानशिक्षकांची एक चाचणी डिसेंबर २०२४मध्ये प्रसिद्ध झाली. हे साधन मार्गदर्शिकेसह वापरणाऱ्या शिक्षकांचा पाठांच्या तयारीतला वेळ आठवड्याला सुमारे २५ मिनिटांनी, म्हणजे जवळजवळ ३१ टक्क्यांनी वाचला, असे तीत आढळले. पाठांचा दर्जा खालावल्याचेही दिसले नाही. पंचवीस मिनिटे ही काही क्रांती नव्हे. पण ती क्षुल्लकही नाहीत. तेवढ्या वेळात एक कथा वाचून होते.

प्रश्न असा, की भार म्हणजे नेमके काय? आमच्या मते अध्यापकाच्या टेबलावर दोन वेगळे गठ्ठे असतात आणि सध्याच्या चर्चेत त्यांची सरमिसळ होते आहे.

पहिला गठ्ठा कागदांचा. १९९४मध्ये 'नॅक'ची स्थापना झाली, २०१०च्या नियमावलीने 'एपीआय'चे गुणांक आणले, २०१८मध्ये त्या पद्धतीचे स्वरूप बदलले. पण केलेल्या प्रत्येक गोष्टीचा पुरावा ठेवण्याची जी सवय या काळात लागली ती गेली नाही. २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन तासाभरात साजरा होतो. त्याचा अहवाल, छायाचित्रे, उपस्थितिपत्रक, अभिप्राय आणि फलनिष्पत्ती यांना दोन दिवस लागतात. अभ्यासक्रमातील प्रत्येक घटकाची 'साध्ये' ठरावीक क्रियापदांत बसवताना कादंबरी शिकवून विद्यार्थ्याला काय 'साध्य' झाले हे सांगावे लागते. हा गठ्ठा यंत्राकडे खुशाल द्यावा. जे लेखन कोणी वाचणार नाही, ते कोणी लिहिले याची खंत करण्याचे कारण नाही.

मात्र येथे एक धोका नमूद करावासा वाटतो. अहवाल लिहिणे सोपे झाले की अहवाल मागणेही सोपे होते. पूर्वी दोन पानांचा अहवाल मागताना मागणाऱ्याला थोडा तरी संकोच वाटे. आता वीस पाने मागायला तो कशाला संकोचेल? आणि याहून मोठा धोका असा, की वाचलेल्या वेळाचा हिशेब पदांच्या हिशेबात मिळवला जाईल. रिक्त जागांवर तासिका तत्त्वावर नेमलेली, दोन-तीन महाविद्यालयांतून धावपळ करणारी आमची तरुण मित्रमंडळी आजच निम्म्या विभागांचा गाडा ओढत आहेत. 'आता मदतीला यंत्र आहे, मग पूर्णवेळ अध्यापक हवा कशाला?' हा प्रश्न कोणीतरी विचारण्यापूर्वीच त्याचे उत्तर आपण तयार ठेवले पाहिजे.

दुसरा गठ्ठा विद्यार्थ्यांच्या लेखनाचा. तोही यंत्राकडे द्यावा, ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत एलिस पेज या गृहस्थांनी १९६६मध्ये संगणकाकडून निबंध तपासून घेण्याची योजना मांडली. ते स्वतः पूर्वी शाळेत इंग्रजी शिकवीत आणि शिक्षकांची निबंधतपासणीतून सुटका व्हावी, हाच त्यांचा हेतू होता. त्यांचा संगणक निबंधाची लांबी, शब्दांची लांबी, विरामचिन्हे अशा खुणा मोजी. आणि त्यावरून काढलेले गुण माणसांनी दिलेल्या गुणांशी बरेचसे जुळत. पुढे २०१४मध्ये लेस पेरेलमन यांनी काही विद्यार्थ्यांच्या साहाय्याने भारदस्त शब्दांचे निरर्थक निबंध रचणारी एक संगणकप्रणाली बनवली, आणि निबंध तपासणाऱ्या यंत्रांनी त्या निरर्थकाला उत्तम गुण दिले.

आजची साधने त्या यंत्रांपेक्षा कितीतरी पुढे गेली आहेत हे मान्य केलेच पाहिजे. ती युक्तिवादातील फट दाखवतात, शेरेही सभ्य भाषेत लिहितात. तरीही पेज यांच्या प्रयोगातली एक गोष्ट आम्हांला अस्वस्थ करते. केवळ लांबी आणि स्वल्पविराम मोजणाऱ्या यंत्राचे गुण माणसांच्या गुणांशी जुळले, याचा अर्थ यंत्र हुशार होते असाच घ्यायचा, की माणसेही पुष्कळदा तेवढेच पाहत होती असाही घ्यायचा?

आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर अवघड नाही. 'चार मुद्दे, प्रत्येकी दोन गुण' ही पद्धत आपणच रूढ केली. गाइडातील उत्तर ओळखूनही त्याला बारापैकी आठ गुण आपणच दिले. एखाद्या मुलीने स्वतःच्या वाचनातून काही वेडेवाकडे पण खरे लिहिले, तर अपेक्षित मुद्दा आला नाही म्हणून तिचे गुणही आपणच कापले. यंत्र आपली जागा घेईल अशी भीती व्यक्त करताना, त्या जागेवर बसून आपण आधीच यंत्रासारखे वाचत होतो, ही कबुली द्यायला हवी. ती दिल्याशिवाय या विषयावर बोलण्याचा अधिकार आपल्याला नाही.

समजा, जळगावकडची एखादी विद्यार्थिनी बहिणाबाई चौधरींवर निबंध लिहिते आहे. बहिणाबाई निरक्षर होत्या. त्यांच्या रचना इतरांनी टिपून घेतल्या आणि १९५२मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने आल्या, एवढे कोणतेही साधन सांगेल. पण ही मुलगी एका शब्दापाशी थांबते आणि लिहिते, की हा शब्द तिची आजी आजही वापरते, पण जरा वेगळ्या अर्थाने. तिचे वाक्य प्रमाण मराठीत नीट बसत नाही, ऱ्हस्व-दीर्घ चुकले आहेत, निष्कर्षही अर्धवट आहे. भाषा सुधारून देण्याच्या उत्साहात यंत्र हे वाक्य गुळगुळीत करील, किंवा विषयांतर म्हणून वगळायला सुचवील, असा आमचा अंदाज आहे. घाईतला अध्यापकही तेच करील. जो सावकाश वाचतो तो मात्र समासात लिहील, 'आजीला अजून विचार. दोन अर्थ शेजारी शेजारी मांडून पाहा.' त्या मुलीच्या साहित्याच्या अभ्यासाला तेथून सुरुवात होऊ शकते.

असे वाचन हा आमच्या मते भार नाही, ते अध्यापनच आहे. भार आहे तो संख्येचा: शंभर-सव्वाशे निबंध, ठरलेली तारीख आणि दुसऱ्या दिवशीचे चार तास. या संख्येखाली दबलेल्या सहकाऱ्याला 'आस्थेने वाचा' असा उपदेश करणे हा ढोंगीपणा ठरेल. आणि विद्यार्थी यंत्राकडून लिहून घेतात, मग आम्ही यंत्राकडून वाचून घेतले तर बिघडले कोठे, हा त्याचा प्रश्न उडवून लावण्याजोगाही नाही. पण तसे झाले तर निबंध एका यंत्राने दुसऱ्याला धाडलेले पत्र होऊन बसेल, आणि विद्यार्थी व अध्यापक हे दोघे ते पोचवणारे टपालवाले.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक मराठी विभागाने एकत्र बसून यंत्राकडे काय द्यायचे आणि काय द्यायचे नाही, हे लिहून ठेवावे व विद्यार्थ्यांनाही सांगावे. अहवाल, वेळापत्रके, प्रश्नसंचांचे कच्चे खर्डे, शुद्धलेखनाची पहिली चाळणी हे सारे यंत्राकडे द्यावे. निबंधावरचा शेरा आणि गुण मात्र निबंध वाचणाऱ्या माणसाचेच असावेत. निबंधांची संख्या त्यासाठी कमी करावी लागली तर करावी. सत्रात पाचांऐवजी दोनच निबंध घ्यावेत, पण त्यांतला एक तरी विद्यार्थ्याला शेजारी बसवून त्याच्यासमक्ष वाचावा. आणि वाचलेला वेळ तासिकांच्या किंवा पदांच्या कपातीत वळता होणार नाही, हे संघटनांनी व्यवस्थापनाकडून लेखी घ्यावे.

यंत्राने आपला पहिला गठ्ठा उचलला तर त्याचे आभारच मानू. पण दुसरा गठ्ठा जर आपल्याला वाचायचाच नसेल, तर पहिला हलका करून घेण्याचा खटाटोप कशासाठी, याचा विचार ज्याने त्याने आपल्या टेबलापाशी बसून करावा.