टाळ्यांमागची तक्रार

उद्याच्या वस्तूंची चित्रे रेखाटणाऱ्या माणसाला समाज सहसा दोनच प्रकारे वागवतो. एक तर त्याला द्रष्टा म्हणून डोक्यावर घेतो, नाही तर स्वप्नाळू म्हणून हसण्यावारी नेतो. भावी स्मार्टफोनच्या कल्पनाचित्रांबाबत हेच घडत आले आहे. या टाळ्या आणि टवाळीच्या गदारोळात मूळ प्रश्न कसा हरवतो, हे पाहावयाचे असल्यास 'फोनब्लॉक्स'चे उदाहरण पुरेसे आहे.

नेदरलँड्समधील डेव्ह हाकन्स या तरुण रचनाकाराने सप्टेंबर २०१३ मध्ये एक छोटी चित्रफीत प्रसिद्ध केली. फोनचा पडदा, बॅटरी, कॅमेरा, प्रोसेसर हे सारे सुटे ठोकळे असावेत, ते एका पाटीवर बसवावेत आणि जो बिघडेल किंवा जुना होईल तेवढाच बदलावा, अशी ती कल्पना होती. एक भाग निकामी झाला म्हणून सबंध फोन कचऱ्यात का टाकावयाचा, हा त्यामागील सवाल. तयार वस्तू हाती नसताना केवळ या कल्पनेला काही आठवड्यांत नऊ लाखांहून अधिक लोकांनी पाठिंबा नोंदविला.

तंत्रज्ञांनी मात्र नाके मुरडली. प्रत्येक जोडणी जागा अडवते, वीज खाते आणि किंमत वाढवते. ठोकळ्यांना स्वतंत्र कवचे दिली तर फोन जाड आणि जड होणार. प्रोसेसर आणि मेमरी यांच्यातील देवघेव इतकी वेगवान असते की, त्यांना एकमेकांपासून दूर नेणे परवडत नाही. हे आक्षेप खोटे नव्हते. पण ते वस्तूवर होते, आणि लोकांनी टाळी दिली होती ती प्रश्नाला. हा भेद फारसा कोणी ध्यानात घेतला नाही.

उत्पादकांनीही तो घेतला नाही. ऑक्टोबर २०१३ च्या अखेरीस तेव्हा गूगलच्या मालकीच्या असलेल्या मोटोरोलाने 'प्रोजेक्ट आरा' या सुट्या भागांच्या फोनची घोषणा केली. मे २०१६ मध्ये त्याचे जे रूप समोर आले, त्यात पडदा, प्रोसेसर आणि मेमरी सांगाड्यातच पक्की बसविलेली होती. बदलता येणार होते ते कॅमेरा, ध्वनिवर्धक यांसारखे भाग. म्हणजे फोनला लवकर म्हातारपण आणणारे भाग ग्राहकाच्या हाताबाहेर राहिले आणि हौसेचे तेवढे त्याला मिळाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गूगलने हा उद्योग गुंडाळला, आणि टवाळखोरांना 'आम्ही म्हणत होतोच' असे म्हणावयास आयते निमित्त मिळाले.

लोकांनाही दोषमुक्त करता येणार नाही. पाठिंबा नोंदविण्यास पैसा पडत नाही. त्याच काळात बाजारात न उघडणाऱ्या बॅटरीचे, सडपातळ फोन रूढ झाले आणि ग्राहकांनी ते आनंदाने घेतले.

तरीही तक्रार खरी होती, म्हणूनच ती टिकली. हाकन्स यांच्याच देशातील 'फेअरफोन' कंपनीने २०१५ च्या अखेरीस पडदा आणि बॅटरी ग्राहकाला स्वतः बदलता येईल असा फोन विक्रीस आणला. त्यात जादूचे ठोकळे नव्हते. उघडता येण्याजोगी साधी बांधणी होती. पुढे युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून नियमच लागू केला : फोनची विक्री थांबल्यानंतर किमान सात वर्षे महत्त्वाचे सुटे भाग आणि किमान पाच वर्षे सॉफ्टवेअरची सुधारणा मिळावयास हवी. चित्रफितीला जे साधले नाही, ते कायद्याच्या रूक्ष कलमांनी काही अंशी साधले.

आपल्याकडेही हा प्रश्न परका नाही. हप्त्यांवर फोन घेणाऱ्या कारकुनाला किंवा विद्यार्थ्याला पडदा फुटताच 'दुरुस्तीपेक्षा नवाच घ्या' हा सल्ला ऐकावा लागतो. वास्तविक गल्लीतील दुरुस्ती करणाऱ्याच्या हातात कौशल्य असते. नसतात ते सुटे भाग आणि माहिती. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी २०२२ मध्ये समिती नेमली. फोन कितपत दुरुस्त होऊ शकतो हे सांगणाऱ्या निर्देशांकाचा अहवालही २०२५ मध्ये सादर झाला. या शिफारशींना बंधनकारक नियमांचे बळ मिळावयास हवे. ते मिळावे म्हणून सरकारकडे आग्रह धरणे हे कल्पनाचित्राला टाळी देण्याइतके सोपे नाही. पण नऊ लाखांनी जे मागितले होते, ते पदरात पडण्याचा मार्ग हाच आहे.